खुंटीपाशी मोजलेला कोन

एकदा एक शिक्षिका आपल्या वृद्ध गुरुजींकडे गेली. अकरावीच्या मुलांना रेडियन काही केल्या उमगत नाही, अशी तक्रार तिने मांडली. ती खरी होती, पण अर्धीच. अहो, शिक्षक माणूस. स्वतःची अडचण सांगायची वेळ आली की आधी मुलांची सांगणार!

उरलेली अर्धी अडचण म्हणजे तिची धाकटी बहीण, कुंदा. कुंदाने स्वतःच्या पसंतीने लग्न ठरवले, ते हिला रुचले नव्हते. हळदीच्या दिवशी कुंदाने वाटी पुढे केली, "ताई, पहिली तू लाव," म्हणाली, आणि हिने तोंड फिरवले. त्याला वर्षे लोटली. दर दिवाळीला ही कुंदाचा नंबर काढी आणि फोन तसाच खाली ठेवी. बहिणीसाठी तिचा जीव नुसता तुटत असे.

गुरुजींनी अंगणात खुंटी ठोकली, तिला सुतळी बांधली आणि शिष्येकडून पांढऱ्या फक्कीने जमिनीवर कंस काढवून घेतला.

"आता तेवढीच सुतळी कंसावर अंथर. संपेल तिथे खूण कर. झाला एक रेडियन! त्रिज्येएवढ्या कंसाचा खुंटीपाशी होणारा कोन. केवढा बाऊ करता गं तुम्ही लोक!"

कंसाच्या दोन्ही टोकांपर्यंत खुंटीपासून रेघा ओढून झाल्या. मग त्यांनी सुतळी दुप्पट करून तसाच दुसरा कंस काढायला लावला. कंसही दुप्पट झाला, पण त्याची टोके त्याच दोन रेघा लांबवल्यावर त्यांच्यावरच पडली.

"आणि दोन रेघांमधल्या पाकळीचं क्षेत्रफळ?" गुरुजींनी विचारले.

"त्रिज्या गुणिले कंस, त्याचं निम्मं. दोन्ही दुप्पट, म्हणजे क्षेत्रफळ..." दोन रेघांमधल्या मोकळ्या जागेवरून तिने नजर फिरवली. "चौपट. गुरुजी, कुंदाचं नि माझं असंच झालंय हो. तिची बाळंतपणं झाली, नवऱ्याचं आजारपण झालं, मी काही म्हणता काही विचारलं नाही. आता सुरुवात तरी कुठून करू?"

गुरुजींनी तिला एका रेघेच्या टोकाशी उभे केले, स्वतः काठी टेकीत दुसऱ्या टोकाशी गेले आणि म्हणाले, "चल खुंटीकडे." तिला काही कळेना, पण ती निघाली. दोघे आपापल्या रेघेवरून चालत आले. खुंटीपाशी गुरुजींचा खांदा तिच्या खांद्याला लागला.

"काठावर उभी राहून अंतर मोजतेस, म्हणून छाती दडपते तुझी," गुरुजी म्हणाले. "सुतळी लांबली की कंस वाढणार, मधलं रान वाढणार. काळाचं ते कामच आहे. पण कोन वाढला का? तो त्या दिवशी होता तेवढाच आहे. ते सगळं रान तुडवायला तुला कुणी सांगितलंय? जिथे तोंड फिरवलंस, तीच तुमची खुंटी; तिथूनच बोल. बाळंतपणं, आजारपणं नंतर निवांत विचार."

ती पायरीवर बसली. तिने कुंदाचा नंबर काढला आणि या वेळी फोन लावला.

"कुंदा, मी ताई. तू हळदीची वाटी पुढे केली होतीस आणि मी तोंड फिरवलं. चुकलं गं माझं."

 

"ताई," कुंदा रडत रडत म्हणाली, "ती वाटी अजून माझ्या हातातच आहे गं. कधी येतेस?"