चार बोटे उंच काच

एकदा एका सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळी पठारावर, जिथे माणसांपेक्षा पवनचक्क्या जास्त आणि झाडे जवळजवळ नाहीतच, तिथल्या रस्त्यालगत एका तरुणाने मोटारसायकल दुरुस्तीचे दुकान थाटले. सड्याखालच्या गावात एक वृद्ध मेस्त्री राहत असे. सारा मुलूख त्याला वस्ताद म्हणे. तरुण त्याचाच शिष्य. हात चांगला होता, डोकेही चालत असे. एकच गोष्ट त्याला शिकता आली नव्हती, ती म्हणजे घाबरलो असे म्हणणे. आपल्याकडे पुरुषांना ही विद्या कोणी शिकवतही नाही.

त्याची पत्नी सड्यापलीकडच्या उपकेंद्रात परिचारिका होती. रोज सकाळी तो तिला गाडीवरून सोडायचा आणि संध्याकाळी आणायचा. वाटेत एक खिंड होती. डाव्या हाताला दरी, उजव्या हाताला उघडा माळ, आणि दोहोंच्या मधून वारा असा येई की सरळ चालणारा माणूसही तिरका होई. आषाढातल्या एका सकाळी त्या वाऱ्याने त्यांची गाडी उचलल्यासारखी केली आणि दरीकडच्या खडीवर नेऊन सोडली. चाक खडीत फिरले, घसरले आणि कसेबसे पुन्हा डांबरावर आले. झाले काहीच नाही. पण त्या दिवसापासून शिष्याच्या पोटात भीतीने घर केले. पहाटे जाग आली की आधी खिंड आठवे, मग उरलेला दिवस.

याविषयी तो कोणाशी बोलला नाही. त्याने केले असे की, एका बंद पडलेल्या कापडदुकानाची जाड, पारदर्शक प्लास्टिकची पाटी आणली, ती गरम करून वाकवली आणि वारा अडवणारी काच म्हणून हँडलवर बसवली. छातीवरचा वारा थांबला, पण आता तो थेट डोक्यावर आदळू लागला. हेल्मेटमध्ये कोणी डबा बडवावा तसा आवाज होई, नजर थरथरे. तेव्हा त्याने काच चार बोटे उंच केली. काही दिवसांनी खिंडीत पुन्हा हिसका बसला. आणखी चार बोटे. असे करता करता काच त्याच्या डोक्याच्याही वर गेली. तिच्याआड इतके शांत झाले की काडी ओढली तर विझू नये. हँडल मात्र हातात कापत असे. शिष्याने मनाची समजूत घातली की हँडल म्हटले की थोडे कापायचेच.

याच दिवसांत पत्नी अबोल होत गेली. उपकेंद्राशी उतरली की भिंतीला हात टेकून काही वेळ तशीच उभी राही, आणि मग आत जाई. त्याने कारण विचारले नाही. उत्तर ऐकायचे धैर्य नसले की माणूस प्रश्न विचारायचे टाळतो. शेवटी एके रात्री जेवताना तीच म्हणाली की पलीकडे एक खोली मिळते आहे, ती तिथेच राहील, रविवारी तेवढी येईल. लग्नाला अजून दोन पावसाळे झाले नव्हते. आपल्या हातावरचा तिचा विश्वास उडाला, ही बायको आता हळूहळू दूर जाणार, एवढेच त्याला त्यातून कळले. यावर त्याला उपायही एकच सुचला. काचेला दोन्ही बाजूंनी पंख लावायचे.

पाटी नीट वाकवायची साधने वस्तादाकडे होती, म्हणून तो दुसऱ्या दिवशी तिला सोडून परस्पर सड्याखाली उतरला. वस्तादाने त्याचे सारे ऐकून घेतले. काचेकडे खालून वर पाहिले. मग हात पुढे करून म्हणाला, "किल्ली दे. तू मागं बस."

शिष्य गोंधळला. वस्तादाची सत्तरी उलटलेली, चहाची कपबशी धरतानाही हात हलत. त्यात आज वारा जोरात. पण वस्तादाच्या शब्दापुढे बोलायची रीत नव्हती. तो निमूटपणे मागे बसला. आपल्याच गाडीच्या मागच्या सीटवर तो आजवर कधी बसलाच नव्हता.

चढ संपून सडा लागला आणि पहिला तडाखा मानेवर बसला. समोरून नव्हे, वरून, बाजूने, पाठीमागून. उंच काचेवरून उसळलेला वारा सगळाच्या सगळा मागच्या माणसावर कोसळत होता. डोके एकदा डावीकडे फेकले जाई, एकदा उजवीकडे. श्वास घ्यायला तोंड उघडावे तर वारा तोंडात बोळा कोंबल्यासारखा शिरे. दिसत काहीच नव्हते, फक्त वस्तादाची पाठ. खिंड आली, तेव्हा गाडी हलली आणि दरी कोणत्या बाजूला आहे हेच त्याला उमजेना. तो ओरडला, "वस्ताद, थांबा." वस्ताद थांबला नाही. तो पुन्हा ओरडला. पुढे काचेआडच्या शांततेत त्याचा आवाज पोहोचतच नव्हता. आता आपण पडणार आणि पुढच्याला ते पडल्यावरच कळणार, असे त्याला वाटले. त्याने डोळे मिटून वस्तादाचा सदरा दोन्ही मुठींत धरला.

खिंड ओलांडून एका पवनचक्कीच्या चौथऱ्यापाशी गाडी थांबली. शिष्य उतरला. चौथऱ्याच्या भिंतीला हात टेकून तो उभा राहिला. आपण कोणासारखे उभे आहोत हे ध्यानात येताच त्याच्या डोळ्यांत पाणी आले. ती हे रोज सोसत होती. तिने सांगितले का नाही, असे त्याने खालच्या मानेने विचारले.

वस्तादही धापा टाकत होता. तो चौथऱ्यावर बसला आणि सावकाश बोलला, "कशी सांगणार? तुझी भीती तिला दिसत नव्हती, असं वाटतं तुला? चार चार बोटांनी तूच तर वाढवून दाखवत होतास. आधीच भ्यालेल्या माणसाला आणिक काय भ्यायला लावायचं, म्हणून ती गप बसली. बाळा, आपण सड्यावरची माणसं. गोठ्याला वाऱ्याच्या बाजूनं आपण भिंत घालत नाही, कारवीच्या काटक्यांचा कूड घालतो. का घालतो? भिंतीवरून उडी मारलेला वारा मागच्या पोकळीत पडतो, गुरांच्या पाठीवर. कुडाच्या फटीतून आलेला वारा दमून आलेला असतो, तो कुणाला मारत नाही. भीतीचंही तसंच असतंय. सगळी अडवायला गेलास, की ती तुला ओलांडून तुझ्या माणसावर पडते. थोडी आपल्या छातीवर घ्यावी."

मग त्याने सोबत आणलेल्या पिशवीतून करवतीचे पाते काढले. शिष्याने काच उतरवली. दोघांनी मिळून ती हनुवटीच्या उंचीवर कापली आणि खालच्या कडेलाही एक पट्टी काढून टाकली. पुन्हा बसवली तेव्हा दिव्याच्या वर हात सहज जाईल एवढी फट राहिली. इतक्या मेहनतीने केलेली वस्तू अशी कापताना शिष्याचा जीव तुटत होता. आता खालून वारा येईल, असे तो पुटपुटला. येऊ दे, असे वस्ताद म्हणाला, आणि परतताना स्वतः मागे बसला.

वारा आला. छातीवर आला, थंड आणि बोचरा. खिंडीत शिष्याचे काळीज पूर्वीसारखेच धडधडले. पण डोक्यावर सुरुवातीचे ते बडवणे नव्हते आणि हँडल हातात कापत नव्हते. मागे वस्तादाला खोकला आला, तोही त्याला स्पष्ट ऐकू आला.

संध्याकाळी तो पत्नीला आणायला गेला. तिने कापलेल्या काचेकडे पाहिले, मग त्याच्याकडे. काय बोलायचे हे त्याने वाटेत पुष्कळ ठरवले होते. त्यातले काहीच आठवले नाही. तो एवढेच म्हणाला, "मला त्या खिंडीची भीती वाटते. गाडी घसरली त्या दिवसापासून वाटते."

तिने हेल्मेट डोक्यावर चढवले. मग हेल्मेटचा पट्टा लावत म्हणाली, "मलाही वाटते. पण तुम्ही काहीच बोलत नव्हता ना, त्याची जास्त वाटायची."

दोघे निघाली. पवनचक्क्यांची पाती जोरात फिरत होती, म्हणजे खिंडीत काय असणार हे दोघांनाही माहीत होते. खिंड दिसू लागली तशी ती मागून म्हणाली, "जरा हळू घेता का?"

त्याने गाडी हळू घेतली.