वीतभर जकात

त्या राज्यात धाग्याला जागा होती, केराला नव्हती. वेशीवर जकातनाका होता. आत येणाऱ्या प्रत्येक धाग्याने आपल्या अंगाची वीत कापून द्यायची, शिक्का घ्यायचा आणि बाजारात जायचं. केराकडून काही घेत नसत. त्याला झाडू थेट वेशीबाहेरच्या जळत्या खड्ड्यात लोटून येई. कापलेल्या विती दाराच्या झरोक्यातून खजिन्यात सारत. तो खजिना कधी कुणी उघडून पाहिला नव्हता, पण त्याच्या नुसत्या नावाने माना झुकत.

जुनी मंडळी नाक्यावर मिरवत येत. कापूस शेतातून, लोकर मेंढीच्या पाठीवरून. रेशमाचं तर काय, जन्मताच तोरा. मग भट्टीत वितळून जन्मलेले चकचकीत नवे धागे आले. त्यांनाही धाग्यांच्या यादीत बसवलं. पण भट्टीची एक रीत यादी करणाऱ्यांच्या गावीही नव्हती. भट्टी सुरू झाली की पहिली धार कधीच एकसारखी येत नाही. कुठे जाड, कुठे केसाएवढी, मधेच तुटते. ती यंत्राखाली पडू देतात. धार सुधारली की मगच धागा रिळावर चढतो. अशा पहिल्या धारेचा गोळा म्हणजे थोरली. रिळावरची सगळी भावंडं तिच्या पाठची.

एके दिवशी थोरली धाकट्या भावाच्या मागोमाग नाक्यावर आली. बाजारात रजया भरणाऱ्यांना तिच्यासारख्यांची गरज आहे, असं तिच्या कानावर आलं होतं. आत गेली तर कुणाच्या तरी अंगावर ऊब होऊन राहील, नाही तर खड्ड्यात राख.

धाकट्याचं झटक्यात उरकलं. वीत कापली, शिक्का बसला. मग जकातदार कातरबाईंनी थोरलीकडे पाहून नाक मुरडलं.

"अगं बाई! हे कुणाच्या डोक्यातलं गुंतवळ?"

"गुंतवळ नाही. मी ह्याची थोरली बहीण," थोरली ठसक्यात म्हणाली. धाकट्याने मान खाली घातली, पण नाही म्हणाला नाही.

"बहीण?" कातरबाईंचे डोळे चमकले. "म्हणजे भट्टी तीच, रस तोच. रस धाग्याचा, तर जकातही धाग्याची. काढ वीत!"

थोरलीने टोक पुढे केलं. कच्च! दुखलं, फार दुखलं. पण तिने हूं की चूं केलं नाही. वीत झरोक्यातून आत गेली.

"आता शिक्का द्या."

"गजराव, मोजा हिला," बाई म्हणाल्या.

गजराव म्हणजे नाक्यावरचा गज. भित्रा, पण मापाला पक्का. जन्मात त्याने कुणाला बोटभर कमी की जास्त म्हटलं नव्हतं. तो थोरलीच्या अंगावरून फिरला. तिच्यात तुकडेच तुकडे होते.

"एकही गजभर नाही, बाई. आणि कलम सांगतं, गजाहून आखूड तो केर."

"झालं तर! झाडूला बोलवा."

रांगेतला एक सुती धागा हळहळला, "तेल गेलं, तूपही गेलं बिचारीचं."

"बिचारी कुणाला म्हणतोस रे?" थोरली कडाडली. मग बाईंकडे वळली. "वीत घेताना मी धागा आणि आत सोडताना केर? केर असेन तर माझी वीत परत द्या. मी आपल्या पायांनी खड्ड्यात जाते."

"खजिन्यात गेलेलं परत येत नसतं."

"मग मीही हलत नसते!"

आणि ती खरंच हलली नाही. नाक्याच्या मधोमध फतकल मारून बसली. रांग खोळंबली. झाडूने ओढून पाहिलं, तर ती फरशीच्या फटीफटीत अडकून बसलेली. तेव्हा धाकटा, शिक्का मिळालेला, सुटलेला धाकटा, उलट पावली आला आणि तिच्याशेजारी टेकला.

"ताई बसली तर मीही बसतो."

थोरलीला रडूच कोसळलं असतं. तिने ते गिळलं.

"गजराव," ती म्हणाली, "आखूड तो केर, हे कलम कुणाकुणाला लागू?"

"सगळ्यांना." कलम तसंच होतं, तो तरी काय करणार?

"मग खजिना मोजा."

कातरबाई खो खो हसल्या. रांगेतलं कुणी हसलं नाही. प्रत्येकाची एकेक वीत आत होती. "मोजा की!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि मग सगळेच ओरडायला लागले. गजराव दारापाशी गेला. कडी काढायचाच अवकाश, आतल्या भाराने दार धाडकन उघडलं.

आत छतापर्यंत विती होत्या. सुती, लोकरीच्या, रेशमी, भट्टीच्या. वर्षानुवर्षं एकमेकींत गुंतून चपटलेल्या. गजराव पहिलीशेजारी आडवा झाला. मग दुसरीशेजारी, मग तिसरीशेजारी. उठला तेव्हा कधी नव्हे तो त्याचा आवाज मोठा निघाला.

"आखूड. झाडून सगळ्या आखूड."

झाडूला एकच हुकूम ठाऊक होता. गजाने आखूड म्हटलं की उचलायचं. थोरलीला सोडून तो खजिन्याकडे निघाला.

"अरे मेल्या, थांब!" कातरबाई दारात आडव्या झाल्या. "हात तर लावून बघ! राज्याची दौलत आहे ती!"

झाडू गोंधळून थबकला. तेवढ्यात थोरली उठली. बाईंच्या दोन उघड्या पात्यांमधून ती सरळ आत गेली आणि त्या ढिगावर ऐसपैस बसली. बघता बघता तिची टोकं वितींमध्ये शिरली, विती तिच्यात शिरल्या.

झाडूने ढिगाकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"बाई," त्याने विचारलं, "ह्यातला केर कोणता?"