‘लेटर’ आणि ‘लॅटर’

ज्या जंगलाची ही गोष्ट आहे, त्याच्या कडेला वनखात्याचे एक जुने विश्रामगृह होते. त्याच्या अंगणातल्या बेहड्याच्या झाडावर एक साळुंकी राहत असे. दिसायला ती चारचौघींसारखीच होती. तपकिरी अंग, पिवळी चोच, पिवळे पाय. आवाजही काही फार गोड नव्हता. पण मुलांनो, तिच्यात एक गुण होता. कोणी बोलू लागले की ती शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घेई, आणि जे समजले नाही ते समजले असे कधीही म्हणत नसे.

त्याच जंगलात एक पोपट होता. लहानपणी तो दोन वर्षे शहरातल्या एका घरी पिंजऱ्यात होता. एके दिवशी पिंजऱ्याचे दार उघडे राहिले आणि तो उडून जंगलात आला. येताना त्या घरातले बरेचसे इंग्रजी सोबत घेऊन आला. कोणाचाही आवाज तो हुबेहूब काढत असे. सारे जंगल त्याला मान देई, आणि तो मान त्याला आवडतही असे.

त्या वर्षी विश्रामगृहात सेल्वी नावाच्या नव्या वनाधिकारी आल्या. त्या तमिळ मुलखातल्या. मराठी त्यांना अजून येत नव्हते. त्यामुळे रोज सकाळी व्हरांड्यात उभ्या राहून त्या दिवसभराची कामे इंग्रजीतून सांगत, आणि मडावी नावाचे वयस्क वनपाल ती वनरक्षकांना मराठीतून समजावत. आज माणसे जंगलात कुठे जाणार, काय करणार, हे आधी कळले तर प्राण्यांचा दिवस निर्धास्त जाई. म्हणून पोपट सकाळी छपरावर बसून सेल्वीबाईंचे बोलणे ऐके आणि मडावींचे मराठी सुरू होण्याआधीच ओढ्याकडे झेप घेई. बातमी सर्वांत आधी आपण द्यावी अशी त्याला हौस होती.

एकदा सागाची थोडी तोड झाल्यावर सेल्वीबाईंनी सांगितले की यापुढे ‘फर्दर’ तोड नाही. पोपटाने ऐकले ‘फार्दर’. तो ओढ्यावर जाऊन म्हणाला की तोड आता लांब होणार नाही, म्हणजे इथे जवळच होणार. ते ऐकून एका खारीने आपली चार पिल्ले एकेक करून तोंडात धरली आणि दिवसभर धावपळ करून पलीकडच्या झाडावर नेली. तोड काही झाली नाही. खार इतकी थकली की दोन दिवस तिला खाण्याची शुद्ध राहिली नाही. पोपटाला विचारले तेव्हा तो म्हणाला की बाईंचा बेत बदलला असेल.

साळुंकीला मात्र चैन पडेना. ती रोज व्हरांड्याच्या वाशावर बसून संपूर्ण बोलणे ऐकू लागली, आणि तिला एक नवल दिसले. मडावींचे केस पांढरे झाले होते, हाताखाली दहा माणसे होती, तरी एखादा शब्द अडला की ते सगळ्यांदेखत बाईंना विचारत आणि उत्तर छोट्या वहीत लिहून घेत. त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नसे. सेल्वीबाईही न कंटाळता समजावत, आणि बदल्यात मराठी शब्द विचारून घेत.

असे ऐकता ऐकता साळुंकीला बरेच उमगले. ‘फार्दर’ म्हणजे अंतराने आणखी लांब, आणि ‘फर्दर’ म्हणजे बहुतेक वेळा आणखी, अधिक. खारीची धावपळ कशामुळे झाली ते तिला त्या दिवशी कळले. ‘ओल्डर’ माणूसही असतो, झाडही असते आणि घरही असते, पण ‘एल्डर’ म्हणायचे ते घरातल्या माणसाला. मडावी हसून वनरक्षकांना म्हणाले, “आपलंही तसंच आहे की. भावाला थोरला म्हणतो, सागाला कोणी थोरला म्हणत नाही.” पाणी कमी असले तर ‘लेस’, आणि मोजता येणारी हरणे कमी असली तर ‘फ्यूअर’. आपण दोन्हीकडे ‘कमी’ म्हणून मोकळे होतो. इतक्या जवळच्या शब्दांना वेगवेगळी कामे वाटून देणाऱ्या त्या भाषेचे साळुंकीला मोठे कौतुक वाटे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी गवत वाळून कोरडेठाक झाले. अशा वेळी वनखाते गवताचा एखादा पट्टा स्वतःच जाळून टाकते, म्हणजे पुढे वणवा लागला तरी तो त्या पट्ट्याशी येऊन थांबतो. एके दिवशी भल्या सकाळी सेल्वीबाईंनी मडावींना दोन पट्ट्यांची नावे सांगितली. आधी टेकडीच्या पायथ्याचा आणि मग ओढ्याकाठचा. त्यांचे पुढचे वाक्य छोटेसेच होते. त्यात ‘टुडे’ होते, आणि त्याच्या आधी एक शब्द होता. पोपटाने तो ऐकला आणि नेहमीप्रमाणे तो लगेच उडाला.

ओढ्याकाठी त्याची वाट पाहत हरणांचा कळप उभा होता. दर वर्षी हा कळप टेकडीखाली असे, पण यंदा तिथले पाणी आटल्यामुळे तो ओढ्याकाठच्या गवतात उतरला होता. माणसांना याची कल्पना नव्हती. कळपात अकरा पाडसे होती, काही तर जेमतेम आठवड्याची. पोपटाने सांगितले की गवत आज जाळणार आहेत, पण ‘लेटर’, म्हणजे उशिरा, दिवस कलल्यावर. तोवर काळजी नाही. ते ऐकून हरिणींनी पाडसांना दाट गवतात निजवले आणि त्या पाला खायला वर निघून गेल्या. कळपातली सर्वांत वयस्क हरिणी तेवढी राखणीला थांबली.

साळुंकीनेही ते वाक्य ऐकले होते. तिच्या कानांना तो शब्द जरा वेगळा लागला होता. ‘लेटर’ नव्हे, ‘लॅटर’. या शब्दाचा अर्थ तिला माहीत नव्हता. ती पोपटामागे ओढ्यावर आली आणि दोन शब्द वेगळे तर नसतील, असे तिने त्याला विचारले. पोपट म्हणाला की शब्द एकच आहे, बाईंच्या तिकडे तो तसा बोलतात.

आता काय करावे? अर्थ ठाऊक नसताना ओरडून पाडसे उठवावीत, तर ओढ्यापलीकडच्या झुडपांत रानकुत्री हिंडत होती. विनाकारण पाडसे उघड्यावर आली तर त्यांतली किती परत येतील, कोण जाणे. आणि गप्प बसावे, तर मनातली शंका खरी निघाली म्हणजे? पण साळुंकीने ओळखले की ओरडायचे की गप्प बसायचे हे ठरवण्याआधी एक काम बाकी आहे. ती वळली आणि जीव खाऊन विश्रामगृहाकडे उडाली.

ती वाशावर येऊन बसली तेव्हा मडावी वही उघडून सेल्वीबाईंसमोर उभे होते. त्यांनाही तोच शब्द अडला होता. बाई इंग्रजीत सावकाश सांगत होत्या आणि मडावी ते मराठीत करून वनरक्षकांना ऐकवत होते.

“नीट ऐका,” मडावी म्हणाले, “‘लेटर’ म्हणजे वेळेनं नंतर. ‘लॅटर’चा आणि घड्याळाचा काही संबंध नाही. दोन गोष्टींची नावं घेतली, की त्यांतली दुसरी ती ‘लॅटर’. मॅडमनी आधी टेकडी म्हटलं, मग ओढा म्हटलं. म्हणजे आज ओढ्याकाठचा पट्टा, आणि ऊन चढायच्या आत.”

वनरक्षकांनी ओल्या फांद्या उचलल्या, पेटवायचे टेंभे घेतले आणि ते निघालेसुद्धा. साळुंकी त्यांच्या डोक्यांवरून पुढे गेली. इतक्या वेगाने ती आयुष्यात कधी उडाली नव्हती. ओढ्यावर पोहोचली तेव्हा तिला श्वास पुरत नव्हता. आज, आत्ता, आणि इथेच, एवढेच ती कसेबसे बोलली.

वयस्क हरिणीने तिच्याकडे रोखून पाहिले. “तुला खात्री आहे?”

“आहे, मावशी. मघाशी नव्हती, म्हणून बोलले नाही. आता विचारणाऱ्याला मिळालेलं उत्तर स्वतः ऐकून आले आहे.”

हरिणीने लगेच हाक दिली, वरच्या अंगाला गेलेल्या आया धावत खाली आल्या आणि आपापले पाडस हुडकू लागल्या. पण पाडसांना जन्मापासून एकच शिकवलेले असते, आई येईपर्यंत हलायचे नाही. माणसांनी कितीही आरोळ्या दिल्या तरी ती गवतात निपचित पडून राहतात. एकेक शोधायला वेळ लागत होता, आणि माणसे तर दिसू लागली होती.

पोपट हे सारे बाजूच्या पळसावरून पाहत होता. आपल्या एका शब्दाने काय होऊ घातले आहे ते त्याला कळले होते. साळुंकी त्याच्याजवळ आली. तिने दोष दिला नाही. एवढेच म्हणाली, “राघूदादा, बाईंचा आवाज तुझ्याइतका कोणाला जमत नाही. त्यांना थोडं थांबव.”

पोपटाने मान वर केली. वनरक्षकांनी टेंभा पेटवला, तोच मागच्या झाडीतून सेल्वीबाईंचा आवाज आला, “वेट!” सारे जागीच थांबले. मडावींनी मागे वळून पाहिले, तर बाई कुठेच नव्हत्या. पुन्हा तोच आवाज, “वेट!” मडावी गोंधळले. पण न समजता पुढे जाण्याची त्यांना सवय नव्हती. टेंभा विझवायला सांगून ते बाईंना विचारायला स्वतः मागे चालत गेले.

तेवढ्या वेळात दहा पाडसे ओढ्यापलीकडे गेली. मोठ्या हरिणींनी त्यांच्याभोवती कडे केले, त्यामुळे रानकुत्री जवळ यायला धजली नाहीत. अकरावे पाडस आईलाही सापडेना. शेवटी साळुंकीच गवतावरून खाली खाली उडत गेली आणि एका झुबक्यात तिला दोन कान दिसले. ती तिथेच घिरट्या घालत राहिली. आई आली, तिने पाडसाला नाकाने ढकलून उठवले आणि दोघे पाण्यातून पार झाले. काही वेळाने सेल्वीबाई आणि मडावी आले. ओल्या मातीत असंख्य लहान लहान खुरांचे ताजे ठसे उमटलेले दोघांना दिसले. मग बाईंनी सारा पट्टा पायी तुडवून पाहायला लावला, आणि गवत रिकामे असल्याची खात्री झाल्यावरच आग लावायला सांगितली.

संध्याकाळी सारे प्राणी पलीकडच्या काठावर जमले. पोपट पुढे आला. आपण अर्धे ऐकून उडालो, आणि शंका विचारणारीलाही उडवून लावले, हे त्याने कोणतीही सबब न सांगता कबूल केले. खारीचीही त्याने माफी मागितली. मग वयस्क हरिणीने साळुंकीपुढे मान लववली. साळुंकी संकोचली. ती म्हणाली की शब्द तिलाही येत नव्हता, ती फक्त विचारून घ्यायला गेली होती.

“तेच तर,” हरिणी म्हणाली. “येत नाही हे आमच्यातही पुष्कळांना कळतं. पण ते विचारून घ्यायला उडत जाणारी तू एकटीच निघालीस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्याच्या वाशावर साळुंकीशेजारी पोपटही बसला. बाईंचे बोलणे संपले, मडावींचे मराठी झाले, वही मिटली, आणि मगच दोघे उडाले. ओढ्याकाठी सगळ्यांनी सवयीने पोपटाला बातमी विचारली. तो म्हणाला, “बाकी सगळं सांगतो. पण एक शब्द मला अजून नीट कळलेला नाही. तो उद्या विचारून सांगेन.”

कोणी हसले नाही. उलट हरिणींनी त्या दिवशी त्याचे बाकीचे बोलणे नेहमीपेक्षा अधिक विश्वासाने ऐकले.

तात्पर्य : सारखे ऐकू येणारे शब्द सारख्या अर्थाचे असतातच असे नाही. शंका आली की थांबून विचारून घेतो तोच खरा जाणकार, आणि त्याच्याच शब्दावर इतरांना भरवसा ठेवता येतो.