दोरावरचा माणूस

फार पूर्वी दंतिपूर नगरात सुयाम नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व विहिरी खोदणाऱ्या एका गरीब कुळात जन्मला होता. घरच्यांनी त्याचे नाव उत्तिय ठेवले होते.

विहीर खोदणाऱ्यांत एक जुनी चाल होती. खाली उतरणाऱ्याच्या कमरेला दोराचे एक टोक बांधीत, आणि दुसरे टोक काठावर बसलेल्या माणसाच्या कमरेला. काठावरच्याने दिवसभर दुसरे काहीही करायचे नाही. हात दोरावर ठेवून खालच्याची हालचाल ओळखायची, आणि धोका जाणवला की सगळ्यांना हाक मारून त्याला वर ओढायचे. त्याने ‘आज नको’ म्हटले की कोणी खाली उतरत नसे, मग विहीर राजाची का असेना. त्याचे लक्ष मोडू नये म्हणून त्याच्याशी कोणी बोलत नसे. जेवण आणणारी बाईदेखील गाठोडे त्याच्या मागे ठेवून निमूट निघून जाई.

दगड पडून एक पाय अधू झाल्यापासून उत्तिय दोरावर बसत असे. लोक त्याला मान देत, पण मान काही गप्पा मारीत नाही. संध्याकाळी दोर सुटला तरी सवयीने लोक त्याच्याजवळ गप्पच राहत. तो बोधिसत्त्व होता म्हणून त्याला एकटे वाटत नसेल, असे कोणी समजू नये. त्याला फार एकटे वाटे.

त्या नगरातल्या सिरिगुप्त या धनाढ्य व्यापाऱ्याच्या, म्हणजे श्रेष्ठीच्या, मनात आले की वाटसरूंसाठी विहीर बांधून पुण्य जोडावे. पौर्णिमेला पहिले पाणी प्यायला या, असे त्याने राजाला सांगून टाकले आणि मग खोदकामाला माणसे लावली. आधी आमंत्रण आणि मग चूल, असा तो प्रकार होता. निम्मी विहीर झाली आणि कडेने ओली वाळू लागली.

“भिंतींना लाकडांचा आधार द्या. तोवर मी कोणाला खाली सोडणार नाही,” उत्तिय म्हणाला.

“पौर्णिमा तुझ्यासाठी थांबणार आहे का?”

“पौर्णिमा पुन्हा येईल, श्रेष्ठी. पुण्णक येणार नाही.”

पुण्णक म्हणजे विहिरीत उतरणारा खोदणारा. तो त्या वेळी तळाशी राहिलेली अवजारे गोळा करीत होता. श्रेष्ठी दुष्ट नव्हता, पण चतुर होता. चाल मोडून तो उत्तियाच्या शेजारी बसला आणि गोड आवाजात म्हणाला, “किती वर्षं असा मुक्यासारखा बसणार आहेस? माझ्या घरी ये. दिवसभर माणसांची ये-जा असते, जेवायला पंगत असते. तुझ्याशी बोलायला कोणी ना कोणी असेलच. उद्यापासून दोर मात्र दुसऱ्या कोणाला धरू दे.”

उत्तियाचे डोळे भरून आले. त्याच्या मनातले हे आजवर कोणी ओळखले नव्हते. त्या पंगतीत आपण बसलो आहोत, असे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे आले.

तेवढ्यात खालून ओरडणे ऐकू आले. “दादा! अरे, केव्हाचा दोर हलवतोय! झोपलास काय?”

उत्तियाने त्याला वर घेतले. काही बिघडले नव्हते, तरी त्याने पुण्णकाला नीट न्याहाळले. तो म्हणाला, “श्रेष्ठी, तुम्ही बोलत होतात तेवढा वेळ हा माणूस माझ्या मनातून गेला होता. दोर मी दुसऱ्याला देणार नाही.”

“मग मी खांब रोवतो,” श्रेष्ठी चिडून म्हणाला. “खांबाला एकटं वाटत नाही, आणि तो ‘नको’ही म्हणत नाही.”

दुसऱ्या दिवशी दोर खांबाला बांधला गेला. खोदणाऱ्यांना भीती वाटत होती, पण काम जाण्याची भीती जास्त होती. “घरात पोरं आहेत, दादा,” एवढेच बोलून पुण्णक खाली उतरला. बाकीच्यांनी माना फिरवल्या. उत्तियाला कामावरून काढले होते, तरी तो आला आणि खांबाजवळ बसून त्याने दोरावर हात ठेवला. त्याला कोणी हाकलले नाही आणि कोणी हाकही मारली नाही. पूर्वी लोक चालीमुळे गप्प असत. आता ते लाजेने गप्प होते, आणि ही शांतता त्याला अधिक जड गेली.

एका दुपारी, काहीही ऐकू येण्याआधी, त्याच्या हाताखाली दोर थरथरला. “ओढा!” तो किंचाळला. त्याचा एवढा मोठा आवाज कोणी कधी ऐकला नव्हता. सगळे धावले. पुण्णक वर आला, पण ढासळलेल्या कडेखाली त्याचा पाय चिरडला होता. त्याच्यामागे विहीर वाळूने भरून गेली.

“याला घरी पोचवा आणि दुसरा माणूस बघा,” श्रेष्ठी म्हणाला.

तेव्हा मात्र खोदणाऱ्यांनी कुदळी खाली टाकल्या. पुण्णकाला खाटेवर घालून ते उत्तियासह राजाकडे गेले. सगळे ऐकून राजाने उत्तियाला विचारले, “श्रेष्ठीला काय शिक्षा देऊ?”

“शिक्षा नको, महाराज. ज्याच्या कामावर माणूस जायबंदी झाला, त्याने त्याचं घर सांभाळावं. दोरावरच्याचा शब्द धन्यानेही मोडू नये. आणि विहीर पुन्हा खोदताना एक दिवस दोर श्रेष्ठींच्या कमरेला बांधावा.”

राजाने तसा हुकूम दिला. लाकडांचा आधार देऊन विहीर पुन्हा खोदू लागले, आणि एका सकाळी श्रेष्ठी काठावर बसला. चालीप्रमाणे त्याच्याशी कोणी बोलले नाही. घरून आलेले जेवण मागे तसेच राहिले. ऊन डोक्यावर आले तरी तो सावलीत सरकला नाही. खालच्या कुदळीचा प्रत्येक घाव त्याला कमरेच्या दोरातून जाणवत होता. संध्याकाळी खोदणारा सुखरूप वर आला आणि दोर सोडला, तरी श्रेष्ठीला उठवेना. तो तिथेच रडत बसला.

उत्तिय लंगडत आला आणि त्याच्या शेजारी टेकला.

“आता बोला, श्रेष्ठी,” तो म्हणाला. “आता दोर सुटलाय.”

पुढे बुद्ध झाल्यावर शास्त्याने ही कथा एका भिक्षूला सांगितली. विहारातल्या आजाऱ्याजवळ बसण्याचे काम त्याच्याकडे होते, आणि माझ्याशी दिवसभर कोणी बोलत नाही, अशी तक्रार घेऊन तो आला होता. शास्ता म्हणाला, “भिक्षू, त्या वेळचा पुण्णक म्हणजे आज आत निजलेला तो आजारी. राजा सुयाम म्हणजे माझा शिष्य आनंद. सिरिगुप्त श्रेष्ठी तू होतास, आणि दोरावरचा उत्तिय मी.”

भिक्षूने शास्त्याला वंदन केले. तो परत गेला आणि आजाऱ्याच्या उशाशी बसून त्याने त्याचा हात हातात घेतला. कोणी बोलायला नसतानाही दुसऱ्याचा जीव असा हाताशी धरून बसणे, यालाच शास्त्याने मैत्री म्हटले आहे.