सिमोनाच्या खानावळीत मीठ मागत नाहीत

बसा पाहुण्यांनो, आणि आधी टेबलाकडे नीट बघा. मिरचीची चटणी आहे, भाजलेला मका आहे, मक्याच्या आंबट दारूचे, चिचाचे, पेले भरलेले आहेत. मीठ नाही. मागूही नका. पेरूच्या डोंगरातल्या या ऊर्कोपाता गावात सिमोनाच्या खानावळीत मीठ मागत नाहीत, आणि त्याचं कारण जेवायच्या आधी ऐकलेलं बरं.

फार मागे ही सिमोना इथली सुगरण होती म्हणे. जीभ अशी, की बटाट्याचा तुकडा तोंडात टाकून तो कुठल्या उतारावरचा ते सांगायची. तिचा हात बसलेला पाचामांकावर. जमिनीत खड्डा खणायचा, तापून लाल झालेले दगड रचायचे, त्यांवर मांस, बटाटे, शेंगा पानांत गुंडाळून ठेवायच्या आणि वरून माती लोटायची. उघडलं की पहिला घास भूमायचा. तो मातीत पुरायचा, मगच माणसांनी जेवायचं.

एका सणाला दरीतला जमीनदार अवचित जेवायला आला. सिमोनाला त्याच्या तोंडून कौतुक ऐकायचं होतं. पहिलं ताट तिनं त्यालाच वाढलं. "असा हात उभ्या डोंगरात नाही!" तो म्हणाला, आणि बाई चढली हरभऱ्याच्या झाडावर. भूमायचा घास राहिला तो राहिलाच.

त्या वर्षी गारांनी पीक झोडपलं. गावानं होतं नव्हतं ते गोळा करून सिमोनाच्या खड्ड्यात शिजत घातलं. भर दुपारी माती बाजूला केली, तर वाफ नाही, वास नाही, दगड थंडगार. पानांच्या घड्या जशाच्या तशा, आणि आत काही नाही! चुलीवर शिजवून पाहिलं, तर झाकण काढेपर्यंत भांडंही रिकामं. सिमोनाची लेक रुफीना ओली बाळंतीण. तिला उभं राहवेना, बाळाला दूध येईना. उरलं होतं बियाण्याच्या बटाट्यांचं एक पोतं.

तेही पुरलं, आणि सिमोनानं जमिनीला कान लावला. खाली कोणीतरी चघळत होतं, सावकाश, दात पडलेल्या म्हातारीसारखं. तरी बाई उठली नाही. "आई, तुझा घास मी चुकवला," ती मातीला तोंड लावून म्हणाली. "माझ्या जिभेची चव घे, जन्मभर मला नको. पण माझ्या लेकीच्या तोंडचं काढू नकोस गं!"

चघळणं थांबलं. खड्डा उघडला तशी वाफ उसळली. उकलून फुटलेले पिवळेधमक बटाटे! रुफीना जेवली, गाव बोटं चाटत जेवला. सिमोनानं एक बटाटा तोंडात घातला आणि ढेकूळ चावावं तसा चावत राहिली. रडली बिचारी, आणि ते काही आनंदानं नव्हे.

पुढे चाळीस वर्षं तिनं ही खानावळ चालवली. चिमटी चिमटी मीठ टाकायची, जमिनीला कान लावायची, आणि खालून मिटक्या ऐकू आल्या की हात थांबवायची. एकदाही चुकली नाही, असं सांगतात.

मग एका सकाळी खड्ड्याजवळ उन्हात तिवईवर बसलेल्या सिमोनाला रुफीनानं कढणाची वाटी दिली. घोटभर पिऊन म्हातारी थबकली.

"रुफीना, मीठ कमी आहे गं."

आईला चव आली! रुफीना धावतच आत मीठ आणायला गेली. मूठ भरून परत आली तर तिवई रिकामी, वाटी चाटूनपुसून स्वच्छ, आणि खड्ड्यावरची माती नुकती सारखी केलेली. हाका मारून थकली, तेव्हा तिनं जमिनीला कान लावला. खालून मिटक्या ऐकू येत होत्या, आणि त्या आईच्या होत्या.

आजही इथली स्वयंपाकीण स्वतः चव घेत नाही, जमिनीला कान लावते. तुम्ही पहिला घास मातीत टाका आणि पोटभर जेवा. मीठ कमी वाटलं तरी बोलू नका. रुफीनाच्या वंशातलं कोणीही ते आणायला तुमच्याकडे पाठ फिरवणार नाही.