पणजीचा पाळणा

कोल्हापूरच्या हेमलता दाभाडे साठ वर्षांची कॉपीराइटची मुदत संपलेले सिनेमे इंटरनेटवर सर्वांसाठी फुकट ठेवत. त्यात निर्माते सरनोबत यांच्या आजोबांचा सिनेमा आला आणि सरनोबतांचा पारा चढला. भर सभेत ते गरजले, "साठ कसली? मुदत दोनशे वर्षं करा. घराण्याचं ते घराण्याकडेच राहिलं पाहिजे."

हेमलताबाई उठल्या. "करा की. त्या सिनेमात नायिका म्हणते तो पाळणा माझ्या पणजीनं रचलाय. जुनं गाणं सगळ्यांचं, म्हणून तुमचे आजोबा आमच्या दारी विचारायला आले नाहीत, आणि आम्हालाही त्याचा अभिमानच वाटला. मुदत दोनशे झाली, तर सिनेमा दाखवायला तुम्हालाच आमची परवानगी लागेल. बोला, किती ठेवायची?"

सरनोबतांनी माईक खाली ठेवला.