मिरी मुंगी आणि ढमाईचा गरम वारा

एक होती मोटार. तिचं नाव ढमाई.

ढमाई होती जुनी. दार लावलं की धडाम! हॉर्न दाबला की पॅंऽऽ! बोट काढलं तरी पॅंऽऽ!

ढमाईत राहायची एक मुंगी. तिचं नाव मिरी. मिऱ्यासारखी काळी. मिऱ्यासारखी तिखट. मागच्या सीटच्या फटीत तिचं घर. घरात तिची बाळं. बाळं सारखी म्हणायची, "आई, खाऊ! आई, खाऊ!"

एकदा भर दुपारी सगळे निघाले लग्नाला. काका मोटार चालवत होते. काकू शेजारी बसल्या होत्या. मागे होती त्यांची पुतणी, छोटी ओवी. ओवी चॉकलेट खात होती. थोडं तोंडात, थोडं गालावर, थोडं नाकावर. आणि एक तुकडा पडला सीटवर. टप्प!

"माझा!" मिरी म्हणाली.

पण ऊन केवढं! चॉकलेट वितळलं. पच्च! मिरीनं उचलायला पाय लावला. पाय चिकटला. ओढला. सुटला. दुसरा चिकटला.

"अरे देवा! बाळांना आता चिखल नेऊ का?"

काकांनी एसीचं बटण दाबलं. वारा आला. फूऽऽ! पण कसला? गरम गरम! तव्यावरून उठल्यासारखा.

"अहो, हा एसी आहे की शेगडी?" काकू म्हणाल्या.

काकांनी चिंचेखाली मोटार थांबवली. इंजिन चालूच ठेवलं. घर्रर्र! बॉनेट उघडलं आणि डोकं आत घातलं. आता बाहेरून दिसत होती फक्त काकांची पाठ.

मिरी गेली वाऱ्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"वारेदादा, वारेदादा, गार व्हा!"

"का गं मिरी?"

"चॉकलेट घट्ट होईना. बाळांना मी नेऊ काय?"

वारा म्हणाला, "फूऽऽ! मी नाही गार होणार. कॉम्प्रेसर फिरेल, तर मी गार होईन."

कॉम्प्रेसर म्हणजे वाऱ्याला गार करणारा लठ्ठ मामा. इंजिनाला टेकून बसलेला. आजूबाजूला सगळं गरगर. मामा ढिम्म!

मिरी गेली मामाकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"कॉम्प्रेसरमामा, कॉम्प्रेसरमामा, फिरा!"

"का गं मिरी?"

"वारा गार होईना. चॉकलेट घट्ट होईना. बाळांना मी नेऊ काय?"

मामा म्हणाला, "घुर्रर्र! मी नाही फिरणार. रिले टिक म्हणेल, तर मी फिरेन."

रिले म्हणजे एक चौकोनी डबी. तिला काम एकच. टिक म्हणायचं. आज तेवढंही होत नव्हतं.

मिरी गेली डबीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"रिलेबाई, रिलेबाई, टिक म्हणा!"

"का गं मिरी?"

"कॉम्प्रेसर फिरेना. वारा गार होईना. चॉकलेट घट्ट होईना. बाळांना मी नेऊ काय?"

रिलेबाई म्हणाली, "हुं! मी नाही टिक म्हणणार. वीज धावेल, तर मी टिक म्हणेन."

शेजारी एक लाल फ्यूज बसला होता. त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. तरी तो ओरडला, "मी ठीक आहे! मला काही झालेलं नाही! काका सारखे मलाच उपटून बघतात!"

तेवढ्यात काकांचा हात आला. फ्यूज उपटला. उन्हात धरला. परत खोचला. खट्ट!

"बघितलंस?" फ्यूज म्हणाला.

वीज राहायची बॅटरीत. मिरी गेली बॅटरीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"वीजताई, वीजताई, धावा!"

"का गं मिरी?"

"रिले टिक म्हणेना. कॉम्प्रेसर फिरेना. वारा गार होईना. चॉकलेट घट्ट होईना. बाळांना मी नेऊ काय?"

वीजताई म्हणाली, "झूंऽऽ! मी नाही धावणार. जायला वाट आहे. परत यायला वाट नाही. तिकडेच राहू होय? रिलेची काळी तार पत्र्यावर पाय टेकेल, तर मी धावेन."

मिरी गेली काळ्या तारेकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"तारमावशी, तारमावशी, पाय टेका!"

"का गं मिरी?"

"वीज धावेना. रिले टिक म्हणेना. कॉम्प्रेसर फिरेना. वारा गार होईना. चॉकलेट घट्ट होईना. बाळांना मी नेऊ काय?"

तारमावशी म्हणाली, "ईऽऽ! मी नाही पाय टेकणार. पायाखाली बघ काय आहे! कुंकू! तेलकट, चिकट, बुळबुळीत! कुंकू हटेल, तर मी पाय टेकेन."

आता तिथं कुंकू कसं आलं?

दसऱ्याला काकूंनी केली ढमाईची पूजा. कुंकू कालवलं तेलात. वाटीभर! ढमाईच्या नाकाला कुंकू. चाकांना कुंकू. बॅटरीला कुंकू. इंजिनाला वाईट वाटेल, म्हणून इंजिनाला कुंकू. काका तेव्हा तार सोडवून इंजिन पुसत होते. तारेखालचा पत्रा दिसला उघडा. "अगंबाई, इथं राहिलंच की!" म्हणाल्या काकू. थप्प! काकांनी काही बघितलं नाही. तारेचा पाय कुंकवावरच ठेवला आणि पान्यानं आवळला. करकच्च!

मिरी गेली कुंकवाकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"कुंकूबाई, कुंकूबाई, हटा!"

"का गं मिरी?"

"तार पाय टेकेना. वीज धावेना. रिले टिक म्हणेना. कॉम्प्रेसर फिरेना. वारा गार होईना. चॉकलेट घट्ट होईना. बाळांना मी नेऊ काय?"

कुंकूबाई म्हणाली, "शी! मी नाही हटणार. मी पूजेची आहे. माझ्याशी नीट बोल. काका पुसतील, तर मी हटेन."

मिरी गेली काकांकडे. तुरुतुरु तुरुतुरु. चढली त्यांच्या नाकावर.

"काका, काका, कुंकू पुसा!"

"का गं मिरी?"

"कुंकू हटेना. तार पाय टेकेना. वीज धावेना. रिले टिक म्हणेना. कॉम्प्रेसर फिरेना. वारा गार होईना. चॉकलेट घट्ट होईना. बाळांना मी नेऊ काय?"

काकांनी वाकून बघितलं. तारेखाली लाल! काका एकदम हळू बोलायला लागले.

"अगं, पूजेचं कुंकू आहे ते! मी पुसलं, तर काकू माझं भजं करील. मी नाही पुसणार. काकू म्हणेल, तर मी पुसेन."

"मग विचारा ना काकूंना!"

"मी? मी नाही बाई. तूच विचार."

मिरी गेली काकूंकडे. तुरुतुरु तुरुतुरु. काकूंची साडी नवी. गजरा नवा. घाम मात्र पाटासारखा! काकू पदरानं वारा घेत होत्या.

"काकू, काकू, पुसा म्हणा!"

"का गं मिरी?"

मिरीनं मोठा श्वास घेतला.

"काका पुसेनात. कुंकू हटेना. तार पाय टेकेना. वीज धावेना. रिले टिक म्हणेना. कॉम्प्रेसर फिरेना. वारा गार होईना. चॉकलेट घट्ट होईना. बाळांना मी नेऊ काय?"

काकू म्हणाल्या, "पूजेचं कुंकू पुसायचं? काहीतरीच काय! देव काय म्हणेल? मी नाही म्हणणार. नाही म्हणजे नाही!"

आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच उरलं नाही.

मिरीला आठवली बाळं. "आई, खाऊ! आई, खाऊ!"

मिरीला आला राग. मिऱ्याएवढ्या मुंगीला भोपळ्याएवढा राग!

ती चढली काकूंच्या पदरावर. पदरावरून खांद्यावर. खांद्यावरून मानेवर. मानेवरून कानावर. आणि...

कच्च!

"आई गंऽऽऽ!" काकू ओरडल्या. "माझा कान! माझा कान!"

काकूंनी घाईघाईनं आरसा वळवला. कान बघायला गेल्या, आणि दिसलं काय?

कपाळावरचं कुंकू घामानं वाहिलं होतं. कपाळावरून नाकावर. नाकावरून ओठांवर. ओठांवरून हनुवटीवर!

ओवीनं टाळ्या पिटल्या. "काकू टोमॅटो! काकू टोमॅटो!"

बॉनेटच्या मागून कुणीतरी हसलं. खिक्!

"हसू नका!" काकू म्हणाल्या. "मोटारीचं कुंकू जागच्या जागी, आणि माझं चाललं गळ्यात! असं तोंड घेऊन लग्नाला जाऊ? अहो, ऐकलंत का? पुसा!"

"काय पुसू?"

"तारेखालचं कुंकू हो!"

"आणि देव?"

"देवाला मी समजावते. तुम्ही पुसा!"

मग काय!

काकू म्हणाल्या, "पुसा!"

काका लागले पुसायला. पाना फिरवला, पॉलिश पेपर घेतला. खस खस खस!

कुंकू हटलं. पत्रा चमकला. लख्ख!

तारेनं पाय टेकला. "हुश्श!"

वीज धावली. झूंऽऽऽ! गेली आणि परत आली.

रिले म्हणाली, "टिक!"

कॉम्प्रेसर फिरला. टक्क! गरगर गरगर!

वारा झाला गार. फूऽऽऽ! गार गार गार!

"आहाहा!" काकू म्हणाल्या.

"मी म्हणालो होतो ना, मी ठीक आहे!" फ्यूज म्हणाला. कुणी ऐकलं नाही.

आणि सीटवर चॉकलेट झालं घट्ट. टण्ण!

मिरी पळाली. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु!

पण ओवीनंही चॉकलेट बघितलं. ओवीचं बोट आलं. जवळ आलं. आणखी जवळ आलं...

"ओवी! सीटवर पडलेलं खायचं नाही!" काकू ओरडल्या.

बोट मागे गेलं.

"एवढं एक बरं बोलल्या काकू," मिरी म्हणाली.

तिनं चॉकलेट उचललं. डोक्यावर घेतलं. हुप्पा हुय्या! हुप्पा हुय्या! निघाली थेट फटीकडे.

"आई, खाऊ?"

"हा घ्या खाऊ!"

मचमच मचमच मचमच.

पुढच्या दसऱ्याला काकूंनी पुन्हा कालवलं कुंकू. वाटीभर. पण लावलं कुठं? ढमाईच्या नाकाला. फक्त नाकाला! काका बॉनेटवर बसून राहिले होते. उठलेच नाहीत.

आणि मागच्या सीटच्या फटीपाशी काकूंनी ठेवली चिमूटभर साखर. एक हात मात्र कानावर होता.

वारा झाला गार,
मुंगी झाली पार,
लावा बरं आता ढमाईचं दार.

धडाम!